सेलची शीट एक सांगते, चाहत्यांची यादी दुसरंच: एका स्कॉटिश बँडकडून धंद्याचा धडा



मागच्या व्हिडिओत आपण ‘कोणतं प्रॉडक्ट ठेवायचं, कोणतं बंद करायचं’ हा विषय घेतला होता. सेलची शीट काढा, आकडे वरून खाली लावा, तळाला जे येईल त्याच्याकडे संशयाने बघा, असं मी सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. पण अर्धा आहे, आणि त्या अर्ध्या सल्ल्याचा फटका मी एकदा दुसऱ्याला बसवलाय.

घरगुती मसाले करणाऱ्या एक ताई माझ्याकडे येत असत. गोडा मसाला, भाजणी, लसणाची चटणी आणि मेतकूट असा त्यांचा माल. मेतकुटाला भाजण्याचा खटाटोप भरपूर आणि खप सगळ्यात कमी. मी शीट बघितली आणि म्हटलं, ताई, मेतकूट बंद करा. त्यांनी केलं. चार-पाच महिन्यांत जुन्या गिऱ्हाइकांच्या भाजणीच्या आणि मसाल्याच्या ऑर्डरीही कमी झाल्या. फोन करून विचारलं तर एक काकू म्हणाल्या, “अगं, मेतकूट तुझ्याकडे मिळेना म्हणून दुसरीकडून मागवलं. मग बाकीचंही तिथूनच यायला लागलं.”

काय विकलं जातं हे शीटला माहीत होतं. गिऱ्हाईक मुळात दारात का येतं, हे तिला माहीत नव्हतं. हा फरक मला नीट कळला तो मात्र धंद्याच्या पुस्तकातून नाही, तर माझ्या आवडत्या बँडची गाणी लोक क्रमाने कशी लावतात ते बघून.

बँड कोणता?

बँडचं नाव बेल अँड सबॅस्टियन. गाव ग्लासगो, स्कॉटलंड. संगीताचा प्रकार इंडी पॉप. हळू आवाजातली, गोष्ट सांगणारी गाणी. सोबत गिटार, चेलो, ट्रम्पेट, ऑर्गन. मुख्य गीतकार-गायक स्टुअर्ट मर्डॉक. ऐन तरुणपणी त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम झाला आणि कित्येक वर्षं तो जवळपास घरातच अडकला. त्या काळात तो गाणी लिहायला लागला.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमात मर्डॉकची बासवादक स्टुअर्ट डेव्हिडशी भेट झाली. दुसरीकडे ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा कोर्स चालायचा. विद्यार्थ्यांना धंदा शिकवायला त्या कोर्सचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल होतं, इलेक्ट्रिक हनी नावाचं. दरवर्षी एक बँड निवडायचा आणि त्याची रेकॉर्ड काढायची. सहसा एखादं सिंगल निघायचं. पण यांच्याकडे गाण्यांचा साठा एवढा होता की थेट अल्बम काढायचं ठरलं. ‘टायगरमिल्क’ तीन दिवसांत रेकॉर्ड झाला आणि 1996 साली त्याच्या फक्त 1000 प्रती काढल्या गेल्या. म्हणजे बघा, क्लासचा प्रोजेक्ट म्हणून हा धंदा सुरू झाला!

पुढे त्या हजार प्रतींसाठी लोक शेकडो पौंड मोजायला लागले. सगळ्यांना मिळेल असा ‘टायगरमिल्क’ 1999 मध्ये पुन्हा निघाला. त्याच वर्षी ब्रिट अवॉर्ड्समध्ये जनतेच्या मतांवर ठरणारा नवोदितांचा पुरस्कार या बँडने मिळवला. समोर ‘स्टेप्स’सारखा प्रचंड खपाचा पॉप ग्रुप होता. खप त्यांचा जास्त. पण मत द्यायची वेळ आली तेव्हा न चुकता उठून मत देणारी माणसं यांच्याकडे जास्त निघाली.

या बँडच्या चाहत्यांना एक सवय आहे. काही वर्षं गेली की ते सगळे अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकतात आणि गाण्यांचा क्रम लावतात. वरची दहा, वरची वीस, कुणी तर झाडून सगळी. त्यावर वादही होतात. आपल्याकडे अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेत कोणतं गाणं कोणत्या पायदानावर यावरून घराघरांत भांडणं व्हायची, त्यातलाच प्रकार. त्या क्रमवारीत रेकॉर्डच्या विक्रीबरोबर श्रोत्यांची पसंतीही धरायचे, हे विसरू नका. आपला आजचा मुद्दा तोच आहे.

या याद्यांमधून मला चार गोष्टी दिसल्या.

1. जास्त विकलेलं आणि जवळचं, यात फरक असतो

ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर या बँडचं सगळ्यात वर गेलेलं गाणं ‘फनी लिटल फ्रॉग’, 2006 सालचं. तेरावा क्रमांक. गाणं छान आहे, लगेच आवडतं. पण जुन्या चाहत्याला पहिली पाच विचारा, ते क्वचितच येतं. तिथे येतं 1997 चं ‘लेझी लाइन पेंटर जेन’, जे चार्टवर 41 वर अडकलं होतं.

का येतं? सहा मिनिटांच्या आसपासचं गाणं. मर्डॉकचा आवाज दबका, आणि त्याच्यासमोर मोनिका क्वीन या पाहुण्या गायिकेचा दणदणीत मोकळा आवाज. शेवटी शब्द संपतात आणि ऑर्गन-गिटार चढत-चढत जातात. रेडिओला असं गाणं सोयीचं नाही. पण ज्याला ते एकदा लागलं, त्याला दुसऱ्या कुणाकडे तसं मिळत नाही. ‘बरं आहे’ म्हणणारे हजार वेगळे आणि ‘हे फक्त यांच्याकडेच मिळतं’ म्हणणारे शंभर वेगळे.

2. बाजूला ठेवलेला माल वर येतो

1997 मध्ये या बँडने ओळीने तीन ईपी काढल्या. ईपी म्हणजे तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड. मोठे बँड सहसा चांगली गाणी अल्बमसाठी राखतात आणि उरलंसुरलं अशा छोट्या रेकॉर्डवर टाकतात. यांनी ईपीसाठीही तेवढ्याच जीव लावून गाणी केली, आणि ती अल्बममध्ये परत घातली नाहीत. ‘लेझी लाइन पेंटर जेन’ त्यातलंच. पुढे 2005 मध्ये अशा सात छोट्या रेकॉर्डवरची 25 गाणी ‘पुश बारमन टू ओपन ओल्ड वून्ड्स’ या संग्रहात एकत्र आली. आज कितीतरी चाहते हा संग्रह अल्बमच्या बरोबरीने मोजतात.

तुमच्या दुकानात ‘ईपी’ कोणती? सोबत म्हणून दिलेली चटणी, ब्लाउज शिवताना न सांगता लावलेली आतली शिलाई, सर्व्हिसिंग झाल्यावर केलेला एक फोन. बिलात त्याची ओळ नसते, म्हणून शीटमध्येही नसते.

3. मालकाला खुपणारा दोष गिऱ्हाइकाला खुपतोच असं नाही

दुसरा अल्बम ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’, तोही 1996 चाच. चाहत्यांच्या याद्यांत तो हमखास वर असतो. पण खुद्द बँड त्याच्या मूळ रेकॉर्डिंगवर समाधानी नव्हता. गाणी उत्तम, आवाज मनासारखा उतरला नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 2005 मध्ये लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये त्यांनी तो अख्खा अल्बम ओळीने पुन्हा वाजवला आणि ते रेकॉर्डिंग वेगळं प्रसिद्ध केलं, मदतनिधीसाठी.

नवं रेकॉर्डिंग जास्त भरीव आहे. तरी चाहते बहुतेक वेळा जुन्याकडेच वळतात. तो थोडा पातळ, लाजरा आवाजच त्यांना त्या गाण्यांचा खरा चेहरा वाटतो. तुम्ही पॅकिंग बदलता, दुकान चकाचक करता, चव ‘सुधारता’. करा, जरूर करा. पण आधी विचारा. आणि त्यांच्यासारखं करा: नवं आणलं तरी जुनं मागे घेतलं नाही.

4. ज्या दारातून आलो ते दार प्रत्येकाला प्रिय

‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’ हे गाणं ब्रिटनच्या ‘टीचर्स’ या मालिकेचं शीर्षकगीत झालं. 2007 च्या ‘जूनो’ सिनेमात ‘पियाझा, न्यूयॉर्क कॅचर’ आणि ‘एक्स्पेक्टेशन्स’ वाजली. जो ज्या गाण्यातून बँडकडे आला, त्याच्या यादीत ते गाणं दोन पायऱ्या वरच असतं. मग यादी चुकीची का? नाही. ती यादी गाण्याइतकीच माणसाबद्दल सांगते. तुमचं गिऱ्हाईक कोणत्या दारातून आलं, हे त्याच्या पहिल्या आवडीवरून कळतं. ते दार तुम्ही बंद केलं तर तो आत असला तरी अस्वस्थ होतो.

मग फक्त जुन्यांचं ऐकायचं?

नाही! इथे घाई करू नका. 2003 च्या ‘डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस’ अल्बमसाठी या बँडने ट्रेव्हर हॉर्नला निर्माता म्हणून घेतलं. झगमगीत पॉप रेकॉर्ड घडवणारा हा माणूस. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी नाकं मुरडली. त्या दिवशी मतदान घेतलं असतं तर कदाचित अल्बमच निघाला नसता. आणि त्याच अल्बमवर फक्त एक गिटार आणि एक आवाज असलेलं ‘पियाझा’ आहे, ज्याच्यावाचून आज अनेकांची यादी पुरी होत नाही.

म्हणून परत ऐकणं महत्त्वाचं. पहिल्या दिवसाची नाराजी वेगळी आणि पाच वर्षांनंतरचा क्रम वेगळा. माझंच सांगतो. 2015 चं ‘नोबडीज एम्पायर’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला विसात धरलं नव्हतं. मर्डॉकने ते स्वतःच्या आजारपणाच्या वर्षांवर लिहिलंय हे नंतर समजलं. मध्ये घरात एक दीर्घ आजारपण झालं, आणि पुन्हा ऐकलं तेव्हा गाणं तेच होतं, ऐकणारा बदलला होता.

आजची माझी पाच, वाद घालायला मोकळे आहात:

1. ‘द स्टेट आय ॲम इन’: ‘टायगरमिल्क’चं पहिलं गाणं. कोणताही गाजावाजा न करता दार उघडतं.
2. ‘लेझी लाइन पेंटर जेन’: कारण वर सांगितलंच.
3. ‘नोबडीज एम्पायर’: उशिरा कळलेलं.
4. ‘गेट मी अवे फ्रॉम हिअर, आयम डाइंग’: नाव रडकं, चाल उड्या मारणारी.
5. ‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’: कार्यक्रमात हे सुरू झालं की बँड प्रेक्षकांना स्टेजवर नाचायला बोलावतो. गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत घेणं, दुसरं काय!

दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या यादीत यातली तीनच होती.

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि हे करा.

पहिलं: तुमची सगळी प्रॉडक्ट किंवा सेवा स्वतःच्या मताने क्रमाने लिहा. कुणाला दाखवू नका.

दुसरं: किमान दोन वर्षं जुनी अशी 15-20 गिऱ्हाइकं निवडा. फॉर्म पाठवू नका, फोन करा. ‘आमचं सगळं कसं वाटतं?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतील. विचारा, “आमच्याकडची फक्त तीनच ठेवायची झाली तर कोणती? पहिल्यांदा आलात ते कशासाठी?”

तिसरं: सेलची शीट, तुमची यादी आणि त्यांची यादी शेजारी-शेजारी ठेवा. तिन्हीकडे वर असलेल्या मालाची चिंता नको. शीटमध्ये तळाला आणि त्यांच्या यादीत वर, अशी एखादी गोष्ट निघाली तर ते तुमचं मेतकूट. बंद करायच्या आधी दर वाढवून बघा, महिन्यातून एकदाच करून बघा, आगाऊ ऑर्डरवर ठेवून बघा. तिन्हीकडे तळाला असलेलं मात्र खुशाल बंद करा.

चौथं: वर्षभराने हेच पुन्हा करा.

आणि ताईंचं काय झालं? त्यांनी मेतकूट परत सुरू केलं. महिन्यातून एकदा, आधी सांगेल त्यालाच, थोड्या जास्त दराने. काही काकू परत आल्या, काही नाही आल्या. गेलेलं गिऱ्हाईक सगळं परत येत नाही. मी त्यांना सॉरी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही आकडे बघितलेत. मला तरी आठवायला हवं होतं, माझं पहिलं पाकीट मेतकुटाचंच विकलं गेलं होतं.”

तुमचं पहिलं पाकीट कशाचं होतं? आज रात्री दुकान बंद करताना एवढं आठवून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत.