औषध म्हणजे जेवण, देणारे आईबाबा

अ‍ॅनोरेक्सियात मुलगी वाळत जाते, तरी ‘मी जाडच आहे’ म्हणत ताट सरकवते. १८७४ मध्ये या आजाराला नाव देणारे लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांच्या मते अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक सर्वांत वाईट. पुढे कित्येक वर्षं आईवडिलांनाच दोष दिला गेला. हा घोर अन्याय होता. १९८०च्या दशकात लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयाने उलटी वाट धरली. काय आणि किती वाढायचं, हे आईवडील ठरवणार. सुरुवातीच्याच एका भेटीत कुटुंब डबा आणतं, थेरपिस्टसमोर जेवतं. तिने ठरवलंय त्यापेक्षा एक घास जास्त पोटात जावा, म्हणून दोघं न रागावता, न हटता शेजारी बसतात. वजन सावरलं की जेवणाचा ताबा हळूहळू तिच्याकडे. एकोणिसाच्या आत सुरू झालेल्या, तीन वर्षांहून कमी जुन्या आजारात हा मार्ग वैयक्तिक उपचारापेक्षा सरस ठरल्याचं १९८७ च्या अभ्यासात दिसलं.