मुरमाची वाट आणि दुष्काळाचीं तळीं

सायकल ही वस्तु आपल्या घरांत नवी नाहीं. परंतु अलीकडे एका विशेष जातीच्या सायकलीचें नांव तरुण मंडळींच्या तोंडीं वारंवार ऐकूं येतें, आणि "हें काय नवें खूळ?" असें वडील मंडळी विचारतात. म्हणून तिच्याविषयीं, आणि तिला साजेशा नांदेड-लातूरकडील वाटांविषयीं, आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

या सायकलीस 'ग्रॅव्हल सायकल' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम, भरड रेती. डांबरी रस्त्यावरील शर्यतीची हलकी सायकल आणि डोंगर उतरणारी जाड चाकांची सायकल या दोहोंच्या मधली ही जात. हँडल मेंढ्याच्या शिंगाप्रमाणें खालीं वळलेलें, टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, आणि त्यांत हवा थोडी कमीच भरलेली, म्हणजे चाक खड्यावर आपटत नाहीं, त्याला कवटाळून पुढें सरकतें. अमेरिकेंत कॅन्सास राज्यांतील एम्पोरिया या गांवीं २००६ सालीं कच्च्या रस्त्यांवरील एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. तिनें या प्रकाराला मोठी प्रसिद्धि दिली. २०२२ सालीं इटलींत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धाहि झाली.

हें सर्व ऐकून आपल्याकडील एखादा दूधवाला हंसेल, आणि त्याचें हंसणें अगदींच अस्थानीं नाहीं. मागें दोन कॅन अडकवून तो ज्या काळ्या, जड सायकलीवर खेड्यांतून शहरांत येत असे, तिचें चाक २८ इंची आणि टायर दीड इंच रुंद, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटरचाच! ब्रेक आणि गिअर यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे हें खरें. पण कच्च्या वाटेस किती रुंद चाक लागतें, हा हिशेब आपल्या पाणंदींनीं फार पूर्वींच करून ठेवला होता.

आतां वाटेकडे वळूं. मराठवाड्यांत सायकलवर निघणाऱ्यानें नकाशाच्या आधीं माती वाचावयास शिकलें पाहिजे. येथील बहुतेक भूमि काळ्या बेसॉल्ट दगडाची. हा दगड अर्धवट कुजला म्हणजे त्याचा मुरूम होतो, आणि पूर्ण कुजून सखल जागीं सांचला म्हणजे त्याची काळी माती होते. मूळ एक, पण गुण अगदीं विरुद्ध. मुरमांत कण भरड आणि चिकणमाती थोडी. कणांना धरून ठेवण्यापुरती ती असते, आणि पावसाचें पाणी खालीं निघून जातें. म्हणून मुरमाची वाट सर पडून गेल्यावर घटकाभरांत चालती होते. काळ्या मातींतील चिकणमाती मात्र पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यांत जिच्या भेगांत हात जाईल तीच जमीन आषाढांत लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट होते.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. एका सप्टेंबरांत, लोह्याच्या पुढें, दोन-तीन किलोमीटर वांचावेत म्हणून मीं डांबरी सडक सोडून शेतांतली गाडीवाट धरली. शंभर पावलांत चाक आणि चिमटा यांच्यामध्यें माती अशी दाटली कीं चाक फिरेना. काडीनें ती उकरावी, दहा पावलें जावें, पुन्हां उकरावी. शेवटीं सायकल खांद्यावर घेतली. तेव्हां ती मातीसह दुप्पट जड झाली होती. बांधावरून एक म्हातारे शेतकरी हा तमाशा पाहात होते. ते एवढेंच म्हणाले, "मालक, या दिवसांत आमची बैलंसुद्धां इकडनं जाईनात." सूर्य मावळावयास तेव्हां अर्धा तास होता, आणि सडक अद्याप दूर होती. तेव्हांपासून माझा नियम असा : वाट तांबूस-पिंवळी दिसली तर पुढें, काळी दिसली आणि पाऊस होऊन दोन दिवस झाले नसले तर मागें.

मुरमावर बसवितात ती खडी. मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें कीं दगड लहान आणि धारदार फोडले तर ते वाहनांच्या भारानें एकमेकांत गुंतून बसतात. मोठ्या दगडांचा पाया लागत नाहीं. आज खडी यंत्रांतून येते. पण या भागांतील कित्येक जुन्या रस्त्यांची खडी हातांनीं फोडलेली आहे, आणि ते हात बहुधा स्त्रियांचे होते. १९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामांवर माणसें गेलीं तीं रस्ते करावयास, खडी फोडावयास आणि पाझर तलावांचे बांध घालावयास. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील अशा कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. ढीग मोजून मजुरी. खावयास लाल मिलो आणि सुकडी. त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. टेकडीच्या कुशींत मुरमाची वाट एकाएकीं वळते आणि समोर लहानसें तळें चमकतें, तेव्हां तो देखावा निसर्गाचा आहे असें आपण समजतों. पुष्कळदां ती वाट आणि तें तळें, दोन्ही अशाच एखाद्या दुष्काळी वर्षाचीं असतात.

नांदेडहून निघणाऱ्यास पहिली वाट कंधारची सांगेन. विष्णुपुरीस गोदावरीचें पाणी अडविलें आहे. त्या जलाशयास शंकरसागर म्हणतात. त्याला डावें-उजवें न करतां काठ सोडावा, वडेपुरीच्या टेकडीवर रत्नेश्वरीचें दर्शन घ्यावें, आणि लोह्यावरून कंधार गांठावें. सडकेनें हें अंतर सुमारें ५० किलोमीटर. पाणंदींनीं गेल्यास थोडें वाढतें. कंधारास खंदकाचा भुईकोट किल्ला आहे आणि राष्ट्रकूटांच्या वेळचा जगत्तुंग समुद्र नांवाचा तलाव. जगत्तुंग ही तिसऱ्या गोविंदाची पदवी, म्हणजे गोष्ट हजाराहून अधिक वर्षांची. तलावास समुद्र म्हणणाऱ्या त्या राजाचें मला कौतुक वाटतें. पाण्याची किंमत ज्याला ठाऊक तोच असें नांव ठेवील. मन्याड नदीवर वरच्या अंगास लिंबोटीचें आणि खालच्या अंगास बारूळचें अशीं दोन धरणें आहेत. एक मुक्काम कंधारास केला तर दोन्ही पाहून होतात.

लातूरकडे बालाघाटाचें पठार आहे. चाकुराजवळचें वडवळचें बेट वनौषधींसाठीं प्रसिद्ध; येथें बेट म्हणजे पाण्यांतलें नव्हे, माळावर एकटी उभी असलेली टेकडी. उदगिराजवळ देवर्जनचें हत्तीबेट तसेंच. या बाजूस जांभा दगड लागतो आणि वाट लालभडक होते. धूळ कपड्यांवरून सहजीं जात नाहीं, हें गृहिणींनीं आधींच ऐकून ठेवावें. घरणी, साकोळ, तिरू हीं तळीं नकाशांत निळीं दिसतात. पण त्या निळ्या रंगावर विसंबूं नये. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. सबब ऑक्टोबर अखेर ते जानेवारी हाच काळ योग्य, आणि त्यांतहि पाणी बरोबर असावें. गांवांत मागितलें तर कोणी नाहीं म्हणत नाहीं, हीच अडचण आहे. मार्चनंतर तें पाणी कोणा बाईनें किती दुरून डोक्यावर आणलेलें असेल तें सांगतां येत नाहीं.

खरें दाट अरण्य पाहिजे असेल तर किनवट आणि माहूर. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर किनवट स्टेशन आहे, तेव्हां सायकल सामानाच्या डब्यांतून नेतां येते. सागाचें रान, मधून मोह आणि पळस, गोंड-कोलामांचे पाडे, आणि उत्तरेस पैनगंगा. इस्लापुराजवळ तीच नदी सहस्रकुंडास काळ्या खडकावरून खालीं कोसळते. पावसाळा संपतांना तें पाहावें. माहुरास रेणुकेचें स्थान, दत्तशिखर, आणि गोंडांच्या राजवटीची स्मृति सांगणारा रामगड. चढ छातीस भिडणारा आहे. उतरून सायकल ढकलण्यांत कमीपणा मानूं नये.

येथें काटे मात्र जपावे. बाभळीचा कांटा जाड टायरांतूनहि जातो, आणि सराटा दिसण्यापूर्वींच लागतो. हल्लीं ट्यूब नसलेल्या टायरांत रबराचा पातळ चीक भरतात. भोक पडतांच तो तेथें सुकून बसतो. तरी एक ट्यूब आणि पंप जवळ असूं द्यावा. अभयारण्याच्या हद्दींत वनखात्याच्या परवानगीवांचून शिरूं नये. मोहाचीं फुलें गळतात त्या दिवसांत पहांटे निघण्याचा मोह आवरावा, कारण तीं वेंचावयास माणसांच्या आधीं अस्वलें येतात. आणि परतीच्या गाडीची वेळ सकाळींच स्टेशनांत विचारून ठेवावी. रानांत सूर्य टेकडीमागें गेला म्हणजे मुरमाचा तांबूस रंग आणि मातीचा काळा रंग डोळ्यांस एकच दिसूं लागतात.