राख, भुकटी आणि वालाचा भुंगेरा

कडाव आणि कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात खरिपाचे भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ते काढून घरात येतात तेव्हा कडधान्याचा भुंगेराही बहुधा त्यांच्याबरोबरच आलेला असतो, कारण त्याची मादी शेतातल्या पक्व शेंगांवरच अंडी घालते. अळी दाण्यात शिरते, आतच तिचा कोष होतो, आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात गोल भोक पाडून बाहेर पडलेला भुंगेरा पुन्हा वंशवाढीला लागतो.

साठवणीतल्या दाण्यांना राख चोळण्याची जुनी पद्धत या किडीविरुद्ध खरोखर उपयोगी आहे. कीटकाच्या त्वचेवर मेणासारखा अतिशय पातळ थर असतो व तोच अंगातले पाणी धरून ठेवतो. राखेचे कण तो खरवडतात आणि भुंगेरा सुकून मरतो. डायटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले, यांच्या अवशेषांपासून बनलेली मातीची भुकटी हेच काम अधिक प्रभावीपणे करते, कारण ती हे मेण शोषूनही घेते. मात्र मारा कोरडेपणाचा असल्यामुळे दमट हवेत तो बोथट होतो. म्हणून कर्जतसारख्या धो धो पावसाच्या भागात आषाढात ओलसर वालांना राख लावण्यात फारसा अर्थ उरत नाही, ती एप्रिल-मेच्या उन्हात खडखडीत वाळवलेल्या दाण्यांनाच लावली पाहिजे.

रासायनिक भुकटीची गोष्ट वेगळी. मॅलॅथिऑन कीटकाच्या मज्जासंस्थेवर आघात करते, पण तांबड्या भुंगेऱ्यासारख्या किडींत तिला दाद न देणाऱ्या पिढ्या जगभर आढळल्या आहेत. बीएचसी पावडरीवर तर भारतात १९९७ मध्ये बंदीच आली. अशी विषारी भुकटी पेरणीच्या बियाण्याला शिफारशीप्रमाणे लावता येते, परंतु ते बियाणे वेगळे, खूण करून ठेवावे लागते. खायच्या धान्यात ती मिसळणे सर्वस्वी गैर. घरोघरी तांदळाला चोळली जाणारी बोरिक पावडरही निरुपद्रवी समजली जाते ती केवळ सवयीने.

कोणतीही भुकटी दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही, हे मात्र राखेलाही लागू आहे. खायच्या वालांना किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळले तर दाण्यावरच्या अंड्यांचा श्वास कोंडतो आणि अळी आत शिरण्याआधीच मरते; अर्थात त्यासाठी तेल वाल वाळताच, साठवणीच्या सुरुवातीलाच लावावे लागते.