गुळाच्या पेठेतून गाड्यांच्या इंजिनापर्यंत

गुळाची ढेप आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ओतीव भाग यांचं नातं काय? कोल्हापुरात ते अगदी सख्खं आहे!

छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली. पुढे राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. नदीचं पाणी उपसायला इंजिन लागलं, ऊस गाळायला लोखंडी चरक. ऐन हंगामात चरकाचा दात तुटला की काहील रिकामी पडते आणि तोडलेला ऊस वाळायला लागतो. सुटा भाग बाहेरून येईपर्यंत थांबणार कोण? तो इथंच ओतणं भाग होतं. दुरुस्ती करता करता मिस्त्री इंजिन खोलायला शिकले आणि पुढे ऑइल इंजिन इथंच घडू लागलं. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं लेथ आणि भट्ट्या वाढत गेल्या. आज इथली कास्टिंग्ज वाहन उद्योगाला जातात, परदेशातही जातात.

थक्क व्हायला होतं ते पुढंच. गुळाची पेठ वसवताना हा फाउंड्री म्हणजे ओतकामाचा उद्योग कुणाच्याच आराखड्यात नव्हता. एका गरजेनं दुसरं कसब जन्माला घातलं, त्या कसबानं तिसरा धंदा.

मग स्थानिक विकासासाठी झटणाऱ्यानं करायचं काय? भविष्य वर्तवण्यापेक्षा गाडं कुठं अडलंय ते शोधायचं. फाउंड्रीतली वाळूच बघा. सुमारे 1400 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला, की त्या वाळूच्या कणांवर जळक्या मातीचा किंवा रसायनाचा थर बसतो. ती वाळू टाकायची कुठं आणि नवी आणायची कुठून? थर काढून ती पुन्हा वापरता येते. पण त्याची यंत्रणा एकट्या छोट्या कारखानदाराला झेपत नाही. दहा-वीस जणांनी मिळून उभारली तर झेपते. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या या माणसांना एका टेबलाशी बसवणं, छोटा प्रयोग करून पाहणं, फसला तर बदलणं, जमला तर वाढवणं, हेच खरं काम.

शाहू महाराजांनी पेठ वसवली, पाण्याचं काम सुरू केलं. पुढची वाट लोकांनी काढली. म्हणून कुठल्याही गावात योजना घेऊन जाण्याआधी विचारावं: इथल्या हातांना आज काय येतं, आणि त्यांचं पुढचं पाऊल कशापायी अडलंय?