नांगरटीची हौस

बार्शीकडच्या आमच्या काळ्या रानात शाळूची काढणी आटोपली की मागे धसकटं तेवढी उरतात. मग गावातला एकही ट्रॅक्टर दारात उभा दिसत नाही. आमच्या घरी पेरणीला भावजी बसतात, ट्रॉली पुतण्या नेतो. नांगर मात्र मी कोणाच्या हाती देत नाही. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी ट्रॅक्टर शिकले.

उन्हाचा तडाखा, धुरळा, कानठळ्या. यात मजा कसली, असं पाहुणे विचारतात. मजा पहिल्या तासात, म्हणजे फाळाने पाडलेल्या पहिल्या सरीत आहे. समोरच्या बांधावरची एक बाभूळ धरायची, नजर तिच्यावरून हलू द्यायची नाही आणि लो गिअरात सोडायचं. मधेच मागे बघितलं की तास वाकडं गेलंच! ते सरळ पडलं की निम्मं काम झालं. एका बाजूची चाकं त्यात उतरतात, ट्रॅक्टर कलतो, आपणही सीटवर एका अंगाला रेलतो आणि चाक तासाच्या कडेने आपसूक चालत राहतं. आता खुशाल मागे बघा. वरचा भेगाळलेला थर पालथा पडतो आणि खालची ओलसर माती फाळाला घासून चकाकत वर येते. बगळे नांगराच्या मागे दोन हातांवर चालत असतात. अळी, कोष, किडा, जे दिसेल त्यावर चोच.

बैलांच्या नांगराचं तास नऊ इंच धरलं तर एका एकरामागे माणूस आणि बैल सतरा-अठरा किलोमीटर चालायचे. काळ्या रानात त्याला चार-सहा बैल लागत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. आज दोन फाळांचा नांगर एका फेरीत दोन फूट पट्टी उलथतो. एकराला साडेसहा किलोमीटर चाल, म्हणजे वळणं धरून दीड-दोन तासांचं काम.

यामागची खरी करामत हायड्रोलिकची. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा; फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून तो मागे उलटायची भीती. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांवर ट्रॅक्टरलाच जोडला. जमीन कठीण लागली, ओढ वाढली, की हायड्रोलिक नांगर स्वतःहून किंचित उचलतं आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन ती जमीन धरतात. आता पलटी नांगर आले. बांधाशी नांगर उचलायचा, लिव्हर ओढायची, धाडकन तो उलटतो आणि त्याच तासाला लागून परत फिरायचं. साध्या नांगराने रानाच्या मध्ये चर नाहीतर वरंबा राहायचा, ती कटकट गेली.

केवळ हौसेपायी नांगरायचं नसतं, हे मलाही कळतं. दरवर्षी फूटभर खोल जायची गरज नाही. तीनेक वर्षांतून एकदा पुरे, म्हणून मी रानं आलटून-पालटून घेते. उताराला आडवं नांगरते, म्हणजे पाणी मुरतं. ओल जास्त असेल तर थांबते, नाहीतर माती नांगराला चिकटते आणि चिखलाचे दगड होतात. ढेकळं मोठी निघाली म्हणून लगेच रोटाव्हेटर घालणारे माझ्या मते उगाच डिझेल जाळतात. काळ्या मातीची ढेकळं मे महिन्याचं ऊन खाऊन वळवाच्या पावसात आपोआप फुटतात.

तुम्ही भाड्याने नांगरट करून घेत असाल तर एक करा. भाडं एकरावर ठरतं, त्यामुळे काही जण वरवर खरवडून पळतात. भाव ठरवतानाच खोलीही ठरवा आणि पहिल्या दोन-चार फेऱ्या बांधावर उभं राहून तासात पट्टी धरून मोजा. नऊ इंच भरले नाहीत तर तिथेच ट्रॅक्टर थांबवा.