न दिलेली शाबासकी

रायपूर शहराच्या वेशीबाहेर, नवा रायपूर येथे, शहीद वीर नारायणसिंह यांच्या नावाचे विस्तीर्ण क्रीडांगण आहे. दिनांक १६ मार्च २०२५ रोजी तेथे निवृत्त खेळाडूंच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारतीय संघाचे नेतृत्व करीत होते वयाची पन्नाशी ओलांडलेले सचिन तेंडुलकर. समोर वेस्ट इंडीजचा संघ होता आणि विजय भारताचा झाला. याच क्रीडांगणावर २०२१ आणि २०२२ या वर्षांतही अशाच स्पर्धांचे अंतिम सामने तेंडुलकरांच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकले होते. रायपूरच्या रसिकांनी तीनही वेळा आपला आवडता खेळाडू डोळे भरून पाहिला. परंतु चेंडूच्या रेषेत सरळ येणारी ती बॅट ज्यांच्या शिकवणुकीतून घडली, ते रमाकांत आचरेकर यांतला एकही सामना पाहण्यास हयात नव्हते. २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

खेळाडू गेला म्हणजे त्याच्या पाठीमागे धावांचे आणि बळींचे आकडे उरतात. प्रशिक्षकाच्या वाट्याला असा धावफलक येत नाही. तालमीतल्या वस्तादाचे नाव त्याच्या पठ्ठ्याने मारलेल्या कुस्तीबरोबर घेतले जाते. संगीतातल्या गुरूचे नाव शिष्याच्या गळ्यातून ऐकू येते. क्रिकेटमधल्या ‘सरां’चेही तसेच आहे. त्यामुळे ज्यांनी आचरेकरांना कधी प्रत्यक्ष पाहिले नाही, अशा लक्षावधी रसिकांच्या स्मरणात ते शिष्यांनी सांगितलेल्या आठवणींच्या रूपाने राहिले आहेत. त्या आठवणी नुसत्या मनोरंजक गोष्टी नव्हेत. नीट उलगडून पाहिल्या तर त्यांत शिक्षणाची एक पद्धती दिसते; आणि त्या पद्धतीतले काय जपावे व काय मागे सोडावे, हा प्रश्नही दिसतो.

आचरेकर मूळचे मालवणचे. मुंबईत त्यांचे आयुष्य गेले; भारतीय स्टेट बँकेत त्यांनी नोकरी केली आणि क्लबांच्या सामन्यांतून क्रिकेट खेळले. प्रथम श्रेणीचा सामना मात्र त्यांच्या नशिबी एकच आला. १९६३-६४ च्या हंगामात मोईनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध खेळले, तेवढाच. ज्या गृहस्थाचे नाव धावफलकांच्या ग्रंथांत एकदाच आले, त्याच्या शिष्यांची नावे मात्र त्या ग्रंथांच्या पानापानांवर विखुरलेली आहेत. बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार हे त्यांतले काही. १९९० साली आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली पद्मश्री.

त्यांची शाळा भरे ती दादरच्या शिवाजी पार्कवर. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे एकाच वेळी अनेक क्लबांचा सराव चालतो. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. या गर्दीतच आचरेकरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब चालविला. नेटमध्ये शंभर चेंडू खेळण्यापेक्षा खऱ्या सामन्यातले दहा चेंडू अधिक शिकवितात, अशी त्यांची धारणा होती. नेटमध्ये बाद झालेला मुलगा पुन्हा खेळतो. सामन्यात बाद झालेल्याला झाडाखाली बसून आपल्या चुकीचा विचार करावा लागतो. म्हणून ते सुट्टीत सामन्यांमागून सामने लावीत. एका उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत आपण पंचावन्न सराव-सामने खेळलो, असे तेंडुलकरांनी नमूद केले आहे. सकाळी नेटचा सराव, मग सामना, पुन्हा संध्याकाळी सराव. आणि सर्व आटोपल्यावर पायांना पॅड व हातांत ग्लोव्हज तसेच ठेवून मैदानाला दोन प्रदक्षिणा, असा तो दिनक्रम होता.

एक रुपयाच्या नाण्याची कथा तर घरोघरी माहीत आहे. परंतु त्यामागचे शास्त्र क्वचितच सांगितले जाते. दिवसाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, मुलगा थकून गेलेला असताना, सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणीही बाद करू शकले नाही तर नाणे फलंदाजाचे. क्षेत्ररक्षणाला सभोवार साठ-सत्तर मुले उभी असत. अशा कोंडाळ्यात चेंडू हवेत उचलला की झेल गेलाच. टिकायचे तर प्रत्येक फटका जमिनीलगत मारला पाहिजे. म्हणजे फटका खाली ठेवण्याचा जो धडा तासभराच्या व्याख्यानाने गळी उतरला नसता, तो एका रुपयाने उतरला. शिवाय देह थकला असता मन एकाग्र ठेवण्याची सवय लागली, ती वेगळीच. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत आणि आपल्या मोलाच्या ठेव्यांत ते त्यांची गणना करतात.

सर उघड शाबासकी मात्र देत नसत. शिष्य उत्तम खेळला तरी ‘छान खेळलास’ हे शब्द त्यांच्या तोंडून येत नसत. फार तर ते वडापाव खाण्यापुरते पैसे हातावर ठेवीत आणि त्यावरून शिष्याने समजायचे की, आज आपल्या हातून काही बरे घडले असावे. स्तुतीने मुलगा सैलावतो, ही त्यामागची भीती. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना तेंडुलकरांनी याचाच उल्लेख केला. एकोणतीस वर्षांत सरांनी आपणास कधी ‘छान खेळलास’ म्हटले नाही. आता यापुढे सामनेच उरलेले नाहीत, तेव्हा आता तरी त्यांनी तसे म्हणण्यास हरकत नाही, अशा आशयाचे ते बोलणे होते. ऐकणारे हसले आणि त्यांचे डोळेही पाणावले. चाळीस वर्षांचा, जगाने डोक्यावर घेतलेला पुरुष अजून त्या एका शब्दाची वाट पाहात होता.

दुसरी आठवण चपराकीची. शारदाश्रम शाळेत असताना, सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून छोटा सचिन वानखेडेवर शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना पाहावयास गेला. आज काय खेळलास, असे सरांनी विचारले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवावयास आलो, असे उत्तर मिळताच सरांनी मुस्कटात दिली. हातातला डबा उडून गेला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य म्हणून नेहमी सांगितले जाते.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे. आठवणींचा एक दोष असा की, त्या यशस्वी शिष्यांनी सांगितलेल्या असतात. ज्या मुलाला चपराक बसली आणि जो पुढे मोठा खेळाडू झाला नाही, त्याची आठवण कोणी विचारीत नाही. मुलांवर हात उगारणे आज कायद्याला मान्य नाही आणि विवेकालाही नाही. तेंडुलकर घडले ते चपराकीमुळे नव्हे. चपराक एकदाची होती. सामने पंचावन्न होते. प्रत्येक सामन्यात सर मैदानाच्या कडेला उभे होते आणि प्रत्येक चूक त्यांच्या नजरेत होती. ज्या शिक्षकाने आपले सारे आयुष्य मैदानावर वेचले, त्याचा कठोरपणा शिष्यांना माया वाटला. त्या वेचण्यावाचून नुसता कठोरपणा उचलणे म्हणजे गुरूची छडी उचलून विद्या मागे ठेवण्यासारखे आहे.

३ जानेवारी २०१९ रोजी सरांना अखेरचा निरोप देण्यात आला. त्यांचा पार्थिव देह शिवाजी पार्कवर दर्शनासाठी आणला गेला. ज्या मैदानाच्या कडेने त्यांनी हजारो फेऱ्या घातल्या असतील, त्याच मैदानावर उगवत्या खेळाडूंनी दुतर्फा रांगा करून, उंच धरलेल्या बॅटींच्या कमानीखालून त्यांना मानवंदना दिली. तेंडुलकरांनी पार्थिवाला खांदा दिला. त्याच दिवशी हजारो मैलांवर सिडनी येथे सुरू झालेल्या कसोटी सामन्यात भारतीय खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. पद्मश्रीने गौरविलेल्या या गृहस्थावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार मात्र झाले नाहीत. संपर्कातील त्रुटीमुळे तसे घडले, असा खुलासा पुढे सरकारच्या वतीने करण्यात आला. चाहत्यांना ही गोष्ट लागली आणि ती लागणे स्वाभाविक होते. सन्मानाची नोंद वेळेवर हलली नाही, तर नंतरचा खुलासा तिची भरपाई करू शकत नाही. तरी बंदुकींची सलामी चुकली असली, तरी बॅटींची चुकली नाही, हेही तितकेच खरे. मैदानावर आयुष्य काढलेल्या शिक्षकाला कोणती सलामी अधिक शोभली, हे सांगावयास नको.

निधनाचे वृत्त येताच तेंडुलकरांनी जी श्रद्धांजली वाहिली, तीत सरळ खेळणे आणि सरळ जगणे हे दोन्ही आपण सरांकडून शिकलो, असे म्हटले होते. आणि शेवटी ‘छान खेळलात, सर’ असे शब्द होते. गुरूने आयुष्यभर राखून ठेवलेली शाबासकी अखेर शिष्याने गुरूला दिली. चाहत्यांच्या मनाला जर काही भिडले असेल, तर ते हेच.

आता प्रश्न उरतो तो रायपूरचा. मुंबईपासून सुमारे अकराशे किलोमीटर दूर असलेल्या या नगरीचा शिवाजी पार्कशी संबंध काय? नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस छत्तीसगडात वस्ती करून आहे. तात्यापाऱ्यातील जुनी मराठी घरे आणि शहरातले महाराष्ट्र मंडळ ही त्याची साक्ष. परंतु संबंध भाषेपुरताच नाही. १ नोव्हेंबर २००० पूर्वी रायपूर मध्य प्रदेशात होते. १९९८-९९ च्या हंगामात मध्य प्रदेशाचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि बंगळूर येथे कर्नाटकाकडून हरला. त्या संघाचे कर्णधार होते आचरेकरांचे शिष्य चंद्रकांत पंडित. म्हणजे त्या पराभवात रायपूरचाही वाटा होता. पुढे पंडित प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली विदर्भाने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला आणि २०२२ साली, त्याच बंगळूरच्या मैदानावर, मध्य प्रदेशानेही तो जिंकला. छत्तीसगडाचा स्वतंत्र संघ तोवर रणजी स्पर्धेत उतरून काही वर्षे झाली होती.

१९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिले होते. त्यांची पाळी आलीच नाही. भारताच्या संघातही त्यांना कधी जागा मिळाली नाही. परंतु २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदार होते. ज्यांना स्वतःला खेळावयास अपुरी संधी मिळाली, त्यांनी दुसऱ्यांना खेळते केले. आचरेकरांचीही कथा याहून वेगळी नव्हती.

३ डिसेंबर २०२४ रोजी, सरांच्या जयंतीच्या दिवशी, शिवाजी पार्कच्या पाचव्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण तेंडुलकरांच्या हस्ते झाले. मुंबईला जाणाऱ्या रसिकाने ते अवश्य पाहावे. परंतु प्रशिक्षकाचे खरे स्मारक पहाटेच्या मैदानावर असते. जेथे कोणी पोक्त माणूस नेटच्या मागे उभा राहून मुलाची बॅट सरळ येते की नाही एवढेच पाहात असतो, तेथे ते उभे असते, मग ते मैदान दादरचे असो वा रायपूरचे. अशा माणसाला, तो हयात असतानाच, कोणीतरी ‘छान, सर’ म्हणावे. त्यासाठी त्याच्या जाण्याची वाट पाहू नये.