तारली आणि तिचे सगेसोयरे

कोकणच्या बाजारात तारली, पेडवे, पाला, मांदेली आणि करली हे मासे वेगवेगळ्या पाट्यांतून येतात व त्यांचे भावही वेगवेगळे असतात. तथापि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व मंडळी एकाच गणातील होत. उत्तर युरोपच्या समुद्रांत सापडणारे हेरिंग व स्प्रॅट हे मासेही याच गणात मोडतात.

या गणातील माशांची ओळख सोपी आहे. पाठीवर बहुधा मध्यभागी एकच मऊ पर असतो व त्यात टोचणारे काटे नसतात. शेपूट बहुधा दुभंगलेली असते आणि अंगाच्या बाजूने जाणारी रेषा दिसत नाही. तारलीच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरविल्यास करवतीच्या दात्यांसारखे खवले हातास लागतात. बांगडा हा तारलीबरोबर विकला जात असला तरी या गणातील नव्हे. त्याच्या पाठीवर दोन पर असतात व पहिला काटेरी असतो. मांदेलीचे तोंड नाकाडाच्या खाली असते. करली मात्र सुळ्यांसारख्या दातांनी इतर मासे पकडून खाते.

गण एक असला तरी वीण एक नाही, आणि खरे महत्त्व येथेच आहे. हेरिंगची अंडी समुद्रतळाशी चिकटून राहतात, तर स्प्रॅटची पाण्यात तरंगतात. पाला समुद्रात वाढतो, पण अंडी घालण्यास नदीत चढतो. 1975 साली गंगेवर फराक्का येथे बंधारा झाल्यावर वरच्या भागातील त्याची आवक जवळजवळ नष्ट झाली. जाळी कितीही मोठ्या आसाची वापरली तरी अशी हानी भरून येत नाही.

तारली नदीत जात नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती समुद्रातच अंडी सोडते व ती सुमारे एका दिवसात फुटतात. पावसाळ्यात वाढणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक हे तिचे प्रमुख अन्न. ते भरपूर मिळाले म्हणजे अंगात तेल साठते. हे तेल पूर्वी होड्यांना चोपडण्यास वापरीत, आणि वाळविलेली तारली गोव्याकडे व मलबारात माडांना खत म्हणून घालीत. सुमारे एका वर्षात ती 15 सेंटिमीटरच्या आसपास वाढून प्रथम विणीस येते. आयुष्य अवघे दोन-अडीच वर्षांचे. त्यामुळे एक पिढी बुडाली की पुढील हंगामातच तूट जाणवते.

केरळात 2012 साली सुमारे चार लक्ष टन तारली मिळाली. 2021 साली ती साडेतीन हजार टनांहूनही कमी झाली आणि 2023 साली पुन्हा एक लक्ष टनांवर गेली. या चढउतारात समुद्राचे तापमान व अन्नाची उपलब्धता यांचाही वाटा असतो. सर्व दोष जाळ्यावर लादणे न्याय्य नव्हे. परंतु समुद्राचे तापमान मच्छीमाराच्या हाती नाही, जाळ्याचा आस आहे. केरळात 10 सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास मनाई आहे. ही मर्यादा विणीच्या लांबीहून बरीच खालची आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

ग्रामसेवकांनी बंदरावर एखाद्या फळीवर 15 सेंटिमीटरची खूण करून पाटीतील काही मासे तीवर ठेवून पाहावेत. खुणेपर्यंत न पोचणाऱ्यांपैकी दोन-चार मासे चिरल्यास त्यांत पक्व गाबोळी सहसा आढळणार नाही. असे मासे पाटीत अधिक असतील, तर त्याच थव्यावर दुसऱ्या दिवशी बारीक आसाचे जाळे टाकू नये.